मावशींना हिरवी टिकली

"माणसं ओळखायला मला तीन रंग पुरतात," असं जावईबापूंनी जेवताना जाहीर केलं आणि पाण्याचा पेला असा खाली ठेवला, की जणू निकालच लागला.

जावईबापू म्हणजे लाँड्रीच्या मालकांचे एकुलते एक जावई. मालक बहिणीकडे गेले होते आणि जाताना सांगून गेले होते, "हॉटेलवाल्यांचं काम सांभाळा. मी येईपर्यंत एकही तक्रार आली नाही, तर नव्या दुकानाची किल्ली तुमच्या हातात." त्या किल्लीपायी जावईबापूंची झोप उडाली होती. सासऱ्याच्या गल्ल्यावर बसलेला जावई ही ओळख त्यांना पुसून टाकायची होती, आणि त्यात त्यांचं काही चुकतही नव्हतं.

त्यांनी एक पांढरा फळा आणला. फळ्यावर प्रत्येकाचं नाव आणि नावापुढे रंगीत टिकली. उत्तम कामाला हिरवी, बेताच्या कामाला पिवळी आणि कामचुकाराला लाल.

"अहो, पण कुठल्या रंगाचा काय अर्थ, ते सगळ्यांना सांगितलंत का?" बायकोनं विचारलं.

"सांगायचं काय त्यात? चौकातला सिग्नल शेंबड्या पोरालाही कळतो."

ती आणखी काही बोलणार होती, पण जावईबापू हात धुवायला उठलेसुद्धा.

सिग्नल कळतो हो, पण लाँड्री म्हणजे चौक नव्हे. तिथे मालकांच्या तरुणपणापासून कपड्यांच्या गठ्ठ्यांना रंगीत फिती बांधायची पद्धत होती. लाल फीत म्हणजे खास गिऱ्हाईक, आधी याचं करा. पिवळी म्हणजे डाग निघाला नाही, पुन्हा भिजत घाला. आणि हिरवी म्हणजे काम संपलं, घरी पाठवून द्या. जावईबापू बसायचे पुढे, काचेच्या खोलीत. फिती त्यांनी पाहिल्या होत्या, पण त्या शोभेच्या आहेत असं त्यांनी आपलं आपणच ठरवून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टिकल्या लागल्या. इस्त्रीवाल्या मावशींच्या हाताखालून गेलेल्या चादरीवर सुरकुती शोधून सापडत नसे, म्हणून त्यांना हिरवी. डाग काढणारे काका कामाला चोख, पण फार सावकाश, त्यांना पिवळी. आणि पोहोचवायच्या गठ्ठ्यांना टेकून घोरणारा गाडीवाला, ज्याला सगळे आरामशेठ म्हणत, त्याला ठसठशीत लाल.

मावशी फळ्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी एप्रनची घडी घातली, डबा उचलला आणि निघून गेल्या.

"भारावल्या बिचाऱ्या," जावईबापू काचेआडून म्हणाले.

काका हौदाच्या कडेला बसून होते. "उभा जन्म लोकांचे डाग काढले," ते म्हणाले. "आता माझ्यातच डाग निघाला."

"मनाला लावून घेऊ नका, काका. सुधारायला वाव आहे."

काकांनी ब्रश खाली ठेवला तो ठेवलाच.

एवढ्यात आरामशेठ आत आला, तो थेट जावईबापूंच्या खुर्चीत बसला. "साहेब, नजर पारखी हो तुमची! इतक्या वर्षांत मला कुणी ओळखलंच नव्हतं. आता आधी माझा चहा सांगा."

लाल टिकली मिळूनही हा चहा मागतोय, म्हणजे कोडगेपणाची कमाल झाली, असं जावईबापूंना वाटलं.

दुपारी हॉटेलातून फोन आला. संध्याकाळी मोठी मेजवानी होती, चादरी आणि टेबलक्लॉथ वेळेवर हवे होते. मागे पाहावं तर गठ्ठे तसेच पडलेले आणि मावशींचा पत्ता नाही. जावईबापू डगमगले नाहीत. इस्त्री म्हणजे काय, गरम करायची आणि फिरवायची. त्यांनी बाह्या सरसावल्या. पुन्हा फोन वाजला. "काळजीच करू नका, मी जातीनं लक्ष घालतोय," असं ते ऐटीत सांगत होते आणि इस्त्री टेबलक्लॉथवर तशीच टेकलेली होती. धूर दिसला तेव्हा त्यांनी बायकोला बोलावून घेतलं.

तिनं आल्या आल्या फळा पाहिला आणि कपाळाला हात लावला. "मावशींना हिरवी लावलीत? अहो, तुम्ही त्यांना कामावरून काढून टाकलंत!" मग तिनं तिन्ही फितींचा अर्थ सांगितला. जावईबापूंचा चेहरा धुतल्या चादरीसारखा झाला.

ते तसेच मावशींच्या घरी धावले. मावशी दारातच बसल्या होत्या, डोळे सुजलेले.

"मावशी, हिरवी म्हणजे शाबास होती हो."

"मग शाबास म्हणून तोंडानं म्हणायला काय झालं होतं, साहेब? सकाळपासून जीव टांगणीला लागलाय, माझं काय चुकलं म्हणून."

जावईबापूंना मनापासून लाज वाटली. "तुमचं नाही, माझं चुकलं," ते म्हणाले, आणि मावशींचा डबा स्वतः उचलून चालू लागले.

मावशींनी संध्याकाळपर्यंत पाठ टेकली नाही. काकांनाही उलगडा झाला आणि त्यांनी ब्रश उचलला. सगळं वेळेवर गेलं, एक टेबलक्लॉथ सोडून. त्यावर इस्त्रीच्या आकाराचा पिवळा डाग होता. काकांनी सगळे उपाय केले आणि मान हलवली.

नेमके तेव्हाच मालक परतले. त्यांनी फळा पाहिला, टेबलक्लॉथ पाहिला, खुर्चीत झोपलेला आरामशेठ पाहिला. काकांच्या नावापुढची पिवळी टिकली काढून त्यांनी ती जावईबापूंच्या खिशावर चिकटवली. "पुन्हा भिजत घाला," ते काकांना म्हणाले. "उद्यापासून हे हौदापाशी, तुमच्या हाताखाली." किल्लीचं भिजत घोंगडं पडलं ते वेगळंच.

पण घरी पोहोचेपर्यंत जावईबापू सावरले होते. पिवळा म्हणजे मधला रंग, त्यात सुधारायला वाव असतो! दार उघडताच बायकोची नजर खिशावर गेली.

"बाबांनी लावली? पिवळीच ना?" तिनं सुटकेचा श्वास सोडला. "देव पावला. मला वाटलं, हिरवी लावूनच घरी पाठवतात तुम्हाला."