सव्वापट अ‍ॅप

सोमवार, चार ऑगस्ट, सकाळचे सात वाजून बारा मिनिटे. टेबलावर उकडलेले अंडे एक. त्याचा हिशेब करायला फोनमध्ये अ‍ॅप्स पाच. अंड्यासमोर मायक्रॉनसाहेब, हातात व्हर्निअर कॅलिपर घेऊन, श्वास रोखून उभे होते.

“अहो, खाताय की त्याला नोकरीवर ठेवताय?” त्यांच्या पत्नीने ओट्यापासून विचारले.

“हे विचारतंय, अंडं लहान, मध्यम की मोठं? आता मध्यम म्हणजे किती? व्याख्याच दिलेली नाही.”

“मध्यम म्हणजे मध्यम! दुकानदाराला कळतं, मला कळतं, तुम्हालाच कसं कळत नाही?”

“बेचाळीस पूर्णांक सहा मिलिमीटर,” कॅलिपर मिटत साहेबांनी जाहीर केले. अ‍ॅपमध्ये मिलिमीटर लिहायला जागाच नव्हती. साहेबांनी त्या अ‍ॅपला तिथल्या तिथे नापास केले आणि गार झालेले अंडे खाल्ले.

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कारखान्याच्या मापन विभागात चाळीस वर्षे काढलेल्या या गृहस्थांना ते नाव कामगारांनी आधी पाठीमागे आणि मग तोंडावर दिले होते. निवृत्त होऊन आठ वर्षे झाली तरी नाव कायम होते आणि ते ऐकले की साहेबांची मान अर्धा इंच वर जात असे. हा अर्धा इंच मात्र त्यांनी कधी मोजला नव्हता.

अ‍ॅपचे खूळ शिरण्याला कारण होते. कारखान्यातली सर्वांत जुनी छताखालची क्रेन शेवटच्या भारचाचणीला उभी राहणार होती. त्यानंतर ती काढून नवी बसवायची होती. तिची पहिली चाचणी साहेबांनी ऐन तिशीत, वर टांगलेल्या पाळण्यात बसून घेतली होती. शेवटचीही त्यांनीच घ्यावी, असा निरोप क्रेन विभागाच्या प्रमुखबाईंनी पाठवला. या बाई एकेकाळी साहेबांच्या हाताखाली शिकाऊ होत्या. चाचणी पंधरा सप्टेंबरला होती.

“फक्त एक आहे सर,” फोनवर बाई अडखळल्या होत्या. “पाळण्याचा नियम. माणूस कपड्या-बुटांसकट ऐंशी किलोच्या आत हवा.”

“नियम मला सांगतेस? तो लिहिलाय कुणी?”

“तुम्हीच, सर.”

त्या दिवशी डॉक्टरांच्या दवाखान्यात साहेब कपड्या-बुटांसकट चौऱ्याऐंशी किलो सहाशे ग्रॅम भरले. काटा चुकीचा आहे, असे म्हणायचीही सोय नव्हती, कारण तो त्यांनीच डॉक्टरांना तपासून दिला होता. घरचा काटा एकाच माणसाला एका मिनिटात तीन वजने सांगतो म्हणून त्यांनी तो केव्हाच माळ्यावर टाकला होता. उरला एकच मार्ग : पोटात जाणारा प्रत्येक घास मोजायचा.

दुसरे अ‍ॅप म्हणत होते, तुम्ही नुसता फोटो काढा, बाकी आम्ही बघतो. दुसऱ्या सकाळी साहेबांनी बशी डाव्या हाताने उचलून धरली आणि तिच्यातल्या नव्या अंड्याचा फोटो काढला. अ‍ॅपने क्षणभर विचार केला आणि निकाल दिला : अंडे एक, सॉसेज चार.

“सॉसेज? सॉसेज कुठून आणलं यानं?” साहेबांनी चष्मा पुसला.

सूनबाई ऑफिसला निघाली होती. तिने वाकून फोनमध्ये पाहिले आणि पर्स खाली ठेवून खुर्चीतच बसली. “बाबा, ही तुमची बोटं आहेत!”

“चारच कशी? अंगठा नाही मोजला?”

“अंगठा बशीमागे असेल. अहो बाबा, प्रश्न तो नाहीये!”

“प्रश्न तोच आहे. मोजणी अपुरी आहे.”

तिसऱ्या अ‍ॅपचे एकक होते ‘एक वाटी’. घरात सात मापांच्या वाट्या निघाल्या. पाणी भरून मोजल्यावर सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी यांत दुपटीहून जास्त फरक आढळला. वाट्या मोजून होईपर्यंत भाजी कढईतच झाकून ठेवावी लागली आणि पत्नीने स्वतः चहाच्या कपात सूप घेतले. चौथे अ‍ॅप दर दोन तासांनी ‘शाब्बास! तुम्ही विजेते आहात!’ असे ओरडे. साहेबांनी त्यात काहीच भरले नव्हते.

“काहीतरी कौतुक करतंय ना, राहू दे की,” पत्नी म्हणाली. “या घरात दुसरं कुणी करत नाही.”

“काम न बघता शेरा देणाऱ्याला मी आयुष्यभर घरी पाठवलंय,” असे म्हणून साहेबांनी चौथेही काढून टाकले.

पाचव्याची परीक्षा त्यांनी रीतसर घेतली. बिस्किटे, दूध, पाव, जॅम अशी बंद वेष्टनातली वस्तू आणायची, वेष्टनावर छापलेला कॅलरींचा आकडा बघायचा आणि मग तीच वस्तू तोलून अ‍ॅपमध्ये भरायची. बिस्किटांना अ‍ॅपने छापील आकड्याच्या सव्वापट सांगितले. दुधालाही सव्वापट. पाव, जॅम, लोणी, सगळ्यांना नेमके सव्वापट.

“म्हणजे हेही चुकीचंच,” सूनबाई म्हणाली. “काढून टाकू?”

“हात लावू नकोस!” साहेबांच्या डोळ्यांत जुनी चमक आली होती. “हेच तर पाहिजे होतं. चूक सगळेच करतात, पण ही बघ, किती शिस्तीत करतंय! रोज सारखीच चूक करणारं यंत्र भरवशाचं असतं. प्रत्येक आकड्यातून पाचवा हिस्सा वजा करायचा, की उत्तर चोख.”

“बाबा, सरळ बरोबर सांगणारं शोधू या ना.”

“बरोबर सांगणारं कधी फिरेल याचा नेम नाही. याची चूक माझ्या ओळखीची आहे.”

आणि खरोखरच गाडी रुळावर आली. साहेब घास तोलत, आकडा भरत, पाचवा हिस्सा वजा करत आणि ठरलेल्या मर्यादेपाशी थांबत. अर्धे बिस्किट मोडून परत डब्यात जाऊ लागले. एक सप्टेंबरला दवाखान्याच्या काट्याने एक्याऐंशी किलो दोनशे ग्रॅम दाखवले. डॉक्टरांनी पाठ थोपटली आणि ते दोन आठवड्यांच्या सुट्टीवर गेले. साहेबांनी घरी येऊन गणित मांडले : याच गतीने पंधरा तारखेला एकोणऐंशी किलो सातशे. वर तीनशे ग्रॅम शिल्लक.

या यशाच्या भरात ते त्याच संध्याकाळी सहकुटुंब व्याह्यांकडे जेवायला गेले. विहीणबाईंनी हौसेने चार भाज्या केल्या होत्या. साहेबांनी खिशातून छोटा काटा काढून ताटाशेजारी ठेवला आणि अत्यंत आदराने विचारले, “विहीणबाई, या भाजीत तेल किती घातलंत?”

“लागेल तेवढं घातलं हो,” विहीणबाई हसून म्हणाल्या.

“हो, पण लागलं किती?”

विहीणबाईंचे हसू जागच्या जागी थांबले. “चव बरी नाही का भाजीची?”

“चव उत्तमच असणार. मी अजून खाल्ली कुठे? अंदाजे चालेल. फक्त अंदाजात चूक किती धरायची तेवढं सांगा.”

व्याही खोकले. पत्नीने टेबलाखालून साहेबांच्या पायावर पाय दिला. साहेबांनी भाजी काट्यावर ठेवली, आकडा वाचला, थोडी परत वाढणीच्या भांड्यात घातली आणि पुन्हा आकडा वाचला. घरी परतताना गाडीत सूनबाई खिडकीबाहेर बघत होती.

“माझ्या आईच्या भाजीला तुम्ही काट्यावर चढवलंत,” शेवटी ती म्हणाली.

“सर्वांच्याच भाजीला चढवतो. त्यात आपपरभाव नाही.”

“ठीक आहे. यापुढे फोनमधलं काही अडलं तर मला विचारू नका. काट्यालाच विचारा.”

दुसऱ्याच सकाळी फोनवर एक चौकट उमटली : ‘नवी आवृत्ती आली आहे. काही त्रुटी दूर केल्या आहेत. स्वीकारता का?’ खाली बारीक अक्षरांत ‘तपशील’ असे काहीतरी होते. पण ते कसे उघडते हे ठाऊक असलेली व्यक्ती दोन खोल्या पलीकडे दार लावून बसली होती. साहेबांनी चौकट पुन्हा वाचली. चाळीस वर्षे त्यांनी प्रत्येक विभागाच्या मागे लागून त्रुटी दूर करवून घेतल्या होत्या. कुणी न सांगता आपणहून करणारा हा पहिलाच भेटला होता. त्यांचे मन भरून आले आणि त्यांनी ‘होय’ दाबले.

त्या दिवसापासून मर्यादा कशी कोण जाणे, पण ऐसपैस झाली. दुपारी भोपळ्याचे सूप दुसऱ्यांदा घेऊनही जागा उरली. रात्री इतके दिवस टाळलेल्या लोण्याची परतफेड झाली. मोडून ठेवलेली अर्धी बिस्किटे एकेक करून डब्याबाहेर आली.

“आज काय, अ‍ॅपला पान्हा फुटलाय का?” पत्नीने विचारले.

“सवय झाली की शरीर कमीत भागवतं,” तिसरा पाव तोलत साहेब म्हणाले.

पंधरा सप्टेंबरला सूनबाईनेच त्यांना गाडीतून कारखान्यात सोडले. अबोला होता, पण अबोल्यातही तिने त्यांच्या शर्टाची कॉलर सरळ केली. क्रेनखाली पस्तीस-चाळीस माणसे जमली होती. जुन्या फिटरांनी “आले, मायक्रॉनसाहेब आले!” असा पुकारा केला आणि साहेबांची मान वर गेली. नव्या पोरांना फिटर सांगत होते की यांनी पास केलेली वस्तू आजवर परत आलेली नाही. साहेब बुटांची नाडी आवळून फलाटकाट्यावर चढले. हा काटा त्यांनीच जुळवलेला होता आणि तो खोटे बोलत नाही हे सर्वांना ठाऊक होते.

ऐंशी किलो तीनशे ऐंशी ग्रॅम.



“पुन्हा,” साहेब म्हणाले. ते उतरले, पुन्हा चढले. काट्याने पुन्हा तेच सांगितले.

प्रमुखबाई जवळ आल्या आणि आवाज खाली करून म्हणाल्या, “सर, बूट काढा ना. कोण बघतंय?”

“अनवाणी माणसाला तू पाळण्यात सोडशील?”

“तुम्हाला सोडेन, सर. पाळणा दीडशे किलो सहज पेलतो. नियमात तुम्हीच भरपूर वाव ठेवलाय.”

“वाव ठेवलाय तो दोरासाठी. माझ्या पोटासाठी नाही.”

एवढ्यात सूनबाई पुढे आली. तिने साहेबांच्या खिशातून फोन काढला, दोन ठिकाणी बोट फिरवले आणि कपाळाला हात लावला. “बाबा, हे अपडेट तुम्ही दोन तारखेला घेतलंत?”

“घेतलं. त्रुटी दूर केल्या होत्या त्यांनी.”

“कुठली त्रुटी ते वाचलंत का? ऐका. ‘सर्व पदार्थांचे आकडे पंचवीस टक्के जास्त दिसत होते. ही चूक आता दुरुस्त केली आहे.’ बाबा, अ‍ॅप बरोबर सांगायला लागलं आणि तुम्ही पाचवा हिस्सा वजाच करत बसलात!”

सर्वांनी साहेबांकडे पाहिले. शेवटची चाचणी हातची गेली होती. म्हातारा आता कोसळणार या भीतीने एका फिटरने स्टूलही पुढे सरकवले. साहेबांनी फोन हातात घेतला, दूर धरला, ती ओळ स्वतः वाचली. मग त्यांचा चेहरा उजळत गेला.

“पंचवीस,” ते म्हणाले. “चोवीस नाही, सव्वीस नाही. पंचवीस! त्यांची अख्खी कंपनी कामाला लागली तेव्हा जे सापडलं, ते मी एका बिस्किटाच्या पुड्यावर काढलं होतं!”

“हो बाबा,” सूनबाई म्हणाली आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसली. “माप तुमचं बरोबरच होतं. पोटाला कळवायचं राहिलं.”

पाळण्यात प्रमुखबाई गेल्या. साहेब खाली, बरोबर मध्यभागी, वॉकीटॉकी घेऊन उभे राहिले. वजन उचलले गेले, तुळई वाकली आणि वरून आवाज आला, “सर, वाक नऊ मिलिमीटर.”

“नऊ पूर्णांक किती?”

“नऊ पूर्णांक… थांबा… नऊ पूर्णांक दोन.”

“डोळा रेघेच्या समोर आण. पुन्हा वाच.”

“नऊ पूर्णांक एक, सर. एकच आहे. माझीच नजर तिरकी होती.”

साहेबांनी मान डोलावली. इतका बिनचूक आवाज वरून येत असताना आपण खाली उभे आहोत, याचे त्यांना मुळीच वाईट वाटले नाही; उलट हा आवाज कुणी घडवला हे आजूबाजूच्या चाळीस जणांना ठाऊक आहे, याचे बरेच बरे वाटले.

चाचणीचा अहवाल त्यांनी उभ्याउभ्याच, सुवाच्य अक्षरात लिहिला. प्रमुखबाईंनी तो वाचला आणि शेवटच्या दोन ओळींवर बोट ठेवले.

“सर, ही खालची ओळ नको ना. कुणी विचारलेलंही नाही.”

“राहू दे,” सही करत साहेब म्हणाले. “तपासणी झाली आहे, तर निकाल लागलाच पाहिजे.”

क्रेन : पास.
निरीक्षक : नापास, ३८० ग्रॅमने.