सारात न्हालेला सेंटर फॉरवर्ड

"उद्या मी पहिल्या मिनिटापासून खेळणार! बेंचवर बसायला मी काय रिटायर्ड आहे?" दिलीपनं रात्री जेवताना जाहीर केलं. तो रिटायर्डच होता, पण हे त्याला सांगणार कोण?

कॅनडातल्या ब्रॉसार्डच्या मराठी मंडळाच्या फुटबॉल टीमची सीझनमधली ती पहिली मॅच. कॅप्टन निमिष पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला, अजून तिशीही न गाठलेला. त्यानं फोनवर गोड आवाजात सांगितलं होतं, "काका, तुम्ही सबस्टिट्यूट. बेंचवर एक्स्पीरियन्स हवाच ना!" ते दिलीपच्या भलतंच जिव्हारी लागलं होतं.

म्हणून मॅचच्या दिवशी सकाळीच तो भोपळ्याला, म्हणजे आपल्या लठ्ठ लॅब्रॅडॉरला घेऊन गावाबाहेर शेतांकडे निघाला. कुत्रं फिरेल आणि आपला वॉर्मअपही होईल! चष्मा मुद्दाम घरी ठेवला. सेंटर फॉरवर्ड कधी चष्मा लावतात का?

शेताच्या कडेनं तो गुडघे उचलत धावत होता. इतक्यात गवतात काळं-पांढरं शेपूट हललं आणि भोपळ्या भुंकत सुटला.

"अरे, मांजर आहे ते! ये, मने, ये!"

मनी कसली, स्कंक होतं ते! त्यानं पाठ फिरवली, शेपूट उचललं आणि दोघांना आपल्या घाणेरड्या वासाच्या फवाऱ्यानं शेलकी अंघोळ घातली.

घरी बायकोनं, मृणालिनीनं, ओढणी नाकाला लावून दार अडवलं. "अहो, गॅरेजमध्येच थांबा! टॉवेल आणते. आणि मॅच विसरा आता!"

"विसरतो कसला! असाच खेळीन!"

कुंपणापलीकडून फ्रेंच शेजारी नाक धरून ओरडला, "मों द्यू! टोमॅटो ज्यूस! अंगाला चोळ, अंगाला! वास जातो त्यानं!"

गॅरेजमध्ये मोठं पातेलं होतंच. मॅचनंतरच्या जेवणासाठी मृणालिनीनं केलेलं तीस माणसांचं टोमॅटोचं सार! टोमॅटो तो टोमॅटो, म्हणत दिलीपनं अर्धं कुत्र्यावर आणि अर्धं स्वतःवर ओतलं. पण सार म्हटलं की फोडणी आली आणि मृणालिनीचा हात हिंगाला फार सढळ. आता स्कंकचा वासही होता आणि हिंगाचाही!

मृणालिनीनं टॉवेल आणला तेव्हा नवरा कानावर कढीपत्ता मिरवत उभा होता आणि भोपळ्या त्याच्या पोटऱ्या चाटत होता.

"माझं सार!"

"मंडळाचं होतं, मंडळाच्याच कामी आलं!" दिलीप ताठ मानेनं म्हणाला.

गाडीच्या चारही काचा खाली करून दोघं नवराबायको मैदानावर पोचले. दिलीप बेंचवर बसला आणि बेंच रिकामं झालं. पोरं निमिषकडे धावली. "डूड, अंकलला आत घे! नाहीतर आम्ही घरी चाललो!"

निमिष लांबूनच ओरडला, "काका, तुम्ही सेंटर फॉरवर्ड! पार त्यांच्या बाजूला थांबा. आमच्याकडे येऊ नका, प्लीज!"

"पहिल्या मिनिटापासून?"

"हो, काका, हो!"

दिलीपची छाती फुगली. मॅच सुरू झाली आणि दिलीप जाईल तिकडे वाट मोकळी. शेवटी समोरचा डिफेंडर बॉल तिथेच टाकून पळाला. त्यांच्या गोलकीपरनं जर्सीत नाक खुपसलं आणि तोही गोल सोडून गेला. दिलीप, बॉल आणि रिकामा गोल!

"अहो, मारा!" मृणालिनी सार विसरून किंचाळली.

दिलीपनं जीव खाऊन लाथ घातली. बॉल गोलच्या कितीतरी बाहेरून थेट पार्किंगमध्ये गेला.

"गोऽऽल!" चष्म्याविना काहीच न दिसलेला दिलीप दोन्ही हात पसरून मिठी मारायला धावला आणि टीम चहूकडे पांगली.

आपण गोल मारला, असं तो आजही छातीठोकपणे सांगतो. त्या दिवशी जवळ जाऊन त्याची समजूत घालणार कोण होतं!