अख्खं अंडं

"आई, आज एका वाक्यात अख्खी मालिका खिशात घालते. बघच तू!"

"ते घाल गं, पण सकाळपासून पोटात काही घातलंस का?"

"वेळ कुठेय!" म्हणत धाकटीने फोन ठेवला. सेटवर वयाने सगळ्यात लहान, म्हणून सगळ्यांची ती धाकटी.

या विनोदी मालिकेत तिला एकच काम होतं. स्वयंपाकघरात धावत यायचं आणि ओरडायचं, "घरमालक आले!" जमलं तर भूमिका कायमची. नाही तर आहेच पुन्हा साबणाच्या जाहिरातीत कुणाच्या तरी मागे उभं राहणं! पण नुसतं वाक्य काय, कुणीही म्हणेल. समोर टेबलावर उकडलेली अंडी मांडून ठेवली होती. ती बघून धाकटीच्या डोक्यात किडा वळवळला.

पहिल्याच टेकला ती धावत आली, अख्खं अंडं तोंडात कोंबलं, गाल फुगवून तीनदा चावलं, कसंबसं गिळलं आणि मग ओरडली, "घरमालक आले!"

सेट खदखदून हसला! मालिकेचे नायक, ज्यांना सगळे 'सरकार' म्हणत, ते इतके हसले की त्यांची मिशी एका बाजूने सुटली. धाकटीच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"झकास! हे ठेवायचंच," दिग्दर्शक म्हणाले. "फक्त सरकार हसले, म्हणून पुन्हा एकदा."

एका शॉटचं दुसऱ्या शॉटशी जुळतंय का हे बघायला एक ताई होत्या. त्यांनी वहीत लिहून घेतलं. "उजवा हात, अख्खं अंडं, तीनदा चावणं. आता दर वेळी अगदी अस्संच हं!"

दर वेळी म्हणजे किती वेळा, हे धाकटीला हळूहळू कळलं. एकदा लांबून, एकदा जवळून, एकदा दाराकडून. त्यात सरकार! ती जितकी छान करी तितके ते हसत, आणि ते हसले की नवं अंडं. वाईट करावं तर भूमिका जाणार, चांगलं करावं तर पोट फुटणार. आपल्याच हाताने पायावर धोंडा मारून घेतला होता पोरीने!

अकराव्या अंड्याला तिने ठरवलं, आता विनोद नाही. डोळ्यांत पाणी, चेहरा सुतकी. कुणी वारल्याची बातमी द्यावी तशी ती पुटपुटली, "घरमालक... आले."

सरकार खुर्चीवरून खालीच पडले!

"हाच चेहरा!" दिग्दर्शक नाचायलाच लागले. "पहिल्यापासून सगळं याच चेहऱ्याने घेऊ!"

"पण सर, अंडी संपली," धाकटी आशेने म्हणाली.

"दोन ट्रे मागवलेत, काळजी करू नकोस!"

संध्याकाळी दिग्दर्शकांनी तिच्या पाठीवर थाप मारली. ती थाप तिला आधीची अकरा आणि नंतरची नऊ अंडी, अशा वीस ठिकाणी जाणवली. "धाकटे, तू कायमची! दर भागात तुझी अशीच एन्ट्री."

धाकटीला आनंदाने रडूच आलं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते झालं होतं! डोळे पुसत ती हळूच म्हणाली, "सर, पुढच्या भागापासून अंड्याऐवजी एखादं द्राक्ष चालेल का?"

दिग्दर्शकांनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी वही उघडली, पान पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली.

"छे गं! पहिल्या भागात अंडं आहे."

तेवढ्यात फोन वाजला. आई होती.

"झालं का गं काम? आता तरी काही खाल्लंस?"