जावयाच्या डोक्यावरचा नवस

चम्नियनबाई देवाला नवस बोलल्या होत्या, पण डोकं जावयाचं लावलं होतं. जावयाला, म्हणजे मानोपला, हे कळलं ते सकाळी भाताची पेज पिताना. त्याच्या बायकोनं, रत्रीनं, खारवलेलं अंडं पुढे सरकवावं इतक्या सहज सांगितलं, की आईनं अंगणातल्या देवाला शब्द दिलाय, माझ्या पोई सियानच्या झाडाला एका झुबक्यात आठ फुलं येऊ देत, जावयाला पंधरा दिवस भिक्षू करीन.

मानोपचा चमचा तोंडाशीच थांबला. "मला विचारलं का कोणी?"

"नवस देवाशी बोलतात," रत्री म्हणाली. "तुम्हाला काय विचारायचं त्यात?"

मानोपचं बाजाराच्या कोपऱ्यावर केस कापायचं दुकान होतं. कपाळावर फुगवलेला केसांचा कोंबडा आणि खाली जाड भुवया, हीच त्या दुकानाची पाटी. भिक्षू व्हायचं म्हणजे डोकं तर जातंच, पण भुवयाही जातात. सोललेल्या अंड्यासारख्या न्हाव्याच्या हाती आपलं डोकं कोण देणार, या विचारानंच त्यानं पेजेची वाटी बाजूला सारली.

बाईंच्या मनात मात्र काही वाकडं नव्हतं. दर उपोसथाला, म्हणजे व्रताच्या दिवशी, पांढरी वस्त्रं नेसून विहारात जाणारी, कधी आवाज न चढवणारी बाई ती, आणि म्हणूनच तिला नाही म्हणायची सोय नव्हती. जावयानं एक दिवससुद्धा भिक्षूचं चीवर अंगावर घेतलं नव्हतं. अशा पुरुषाला लोक कच्चा म्हणतात. बिचाऱ्याची आई लहानपणीच गेलेली. भिक्षू झालेल्या मुलाच्या चीवराचा काठ धरून आई स्वर्गाला जाते म्हणतात; याचा काठ धरायला कोणीतरी हवंच, तर मी आहे की, एवढाच त्यांचा हिशेब.

झाड कुंपणाच्या भिंतीवर, ड्रॅगन काढलेल्या कुंडीत, भर उन्हात उभं असायचं. अंगभर काटे, आणि मागणं काहीच नाही. माती पार सुकली की तांब्याभर पाणी, बस. आजवर त्याला कधी चारच्या वर फुलं आली नव्हती. तरी खबरदारी म्हणून मानोपनं पाणी घालायचं काम स्वतःकडे घेतलं. "आई, तुम्ही कशाला वाकता?" असं म्हणाला आणि थेंबही घालेना. तहानलेलं झाड फुलतं कशाला, असा त्याचा कयास. सेवा करणारा जावई पाहून बाईंचं मन भरून आलं.

झाडाचंही आलं. आठवडाभरात शेंड्याशी कळ्यांचा गुच्छ तरारून वर आला. सासरे, सवाटबाबा, दातकोरणं चघळत तिथे आले आणि कुंडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "याला उपाशी ठेवलं की फुलतं. फार मनापासून सेवा केलीस हो." मानोप होता तिथेच पायरीवर बसला.

सहा फुलं उमलली, मग सातवं. आठव्या कळीनं लाल ओठ दाखवले तो दिवस उपोसथाचा होता आणि बाई विहारात गेल्या होत्या. मानोपनं दुकानातली सगळ्यात बारीक कात्री आणली आणि ती कळी उडवली. देठातून दुधासारखा चीक ठिबकला, तो त्यानं बोटांनी पुसला. तेवढ्यात कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला, तोही त्याच बोटांनी पुसला.

मग जे ओरडणं झालं, त्यानं समोरच्या घरातल्या कोंबड्या छपरावर चढल्या. दवाखान्यात डोळ्यांवर पाण्याची धार धरली, औषध घातलं, दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधली. या झाडाला हातमोज्याशिवाय हात लावू नये हे घरात कोणी सांगितलं नाही का, असं डॉक्टरांनी विचारलं. सुकलेली पानं काढत होतो, असं मानोप कण्हत म्हणाला.

बाई पांढऱ्या वस्त्रांतच धावत आल्या. माझ्या झाडाची सेवा करताना पोराचे डोळे गेले, म्हणून त्यांनी रडून घेतलं. मानोपला इतकी लाज वाटली की खरं काय ते सांगून टाकावं असं त्याच्या ओठांवर आलं. पण बाईच आधी बोलल्या.

"देवाला सांगून आले आहे, मानोप. म्हटलं, फुलं राहू देत. पोराची नजर परत दे, आख्खा वर्षावास त्याला भिक्षू करीन."

"तीन महिने," सवाटबाबांनी हलक्या आवाजात भर घातली.

पट्टीखाली मानोपचे डोळे टक्क उघडले.

पट्टी निघाली तेव्हा त्याला भिंतीवरची पाल दिसली, पालीच्या तोंडातला डास दिसला. तो म्हणाला, "अंधार आहे सगळा." त्या दिवसापासून तो चाचपडत चालू लागला. रत्री त्याला घास भरवायची. आरशासमोरून जाताना कोंबडा वाकडा झालेला दिसला तरी हात लावायची सोय नव्हती.

एका दुपारी बाई कुंडी उचलून त्याच्या अंथरुणाशी घेऊन आल्या. "तुला दिसायचं नाही बाळा," त्या हळूच म्हणाल्या, "पण ऐक तरी. तुझ्या कष्टाचं चीज झालं. पुरती आठ फुलं आली आहेत."

हे कसं शक्य आहे? मानोप हबकला. आठवी कळी त्यानं स्वतः कापली होती. त्यानं मान पुढे केली आणि झुबक्यावरून नजर फिरवली.

"सातच तर आहेत."

सवाटबाबांनी तोंडातलं दातकोरणं काढलं. बाई फुलांकडे बघतच नव्हत्या, त्या जावयाच्या डोळ्यांकडे बघत होत्या. त्यांनी कुंडी सावकाश खाली ठेवली, अंगणाच्या दिशेनं हात जोडले आणि वर्षावास कुठल्या तारखेला बसतो ते रत्रीला विचारलं.

दीक्षेच्या आदल्या दिवशी घरच्यांनी आणि ओळखीच्यांनी एकेक बट कापायची रीत आहे. कापलेले केस झेलायला मानोप मांडीवर कमळाचं पान धरून बसला. आधी सासू, मग सासरे, आणि त्यांच्या मागे फाटकाबाहेरपर्यंत रांग. रांगेतल्या बहुतेकांचे केस आजवर मानोपनंच कापले होते. आज त्यांतल्या प्रत्येकानं घरून स्वतःची कात्री आणली होती.