ओसरीवरचा प्रिंटर

शनिवार, १४ नोव्हेंबर १९९८. श्रीरामपूर, कॉलेजची कॉम्प्युटर लॅब. हजर: साळवे सर, शिपाई रामभाऊ, मी (लॅब सहायक). गैरहजर: कदम सर.

कदम सर कॉलेज सोडून मिरजगावला शेती बघायला गेले, त्याला दोन वर्षं झाली. तरी साळवे सर हजेरीत त्यांचं नाव घेतात, आणि मी मुकाट्यानं गैरहजर लिहिते.

साळवे सर इलेक्ट्रॉनिक्स शिकवतात आणि कॉम्प्युटरला घर समजतात. आमच्याकडे लिनक्स चालतं. ते फुकट मिळतं, आणि त्याचा गाभा उघडून कुणालाही त्यात भर घालता येते. लॅबमधली जुनी यंत्रं त्याला ओळखता यावीत म्हणून लागणारे प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, आमची मास्तरमंडळी फावल्या वेळात लिहितात. बहुतेक अर्धेच. असे अर्धवट ड्रायव्हर साळवे सर गाभ्यात शिरू देत नाहीत. त्यांच्यासाठी डिस्कवर 'ओसरी' नावाची वेगळी जागा आहे.

"पाहुण्यानं पाय धुतल्याशिवाय माजघरात यायचं नाही," असं सर म्हणतात. पाय धुणं म्हणजे काय, याची यादी मी भिंतीवर लावलीय. शेवटचा नियम सरांचा: सहा महिने कुणी हात लावला नाही, तर पाहुण्याची रवानगी. गेल्या वर्षी त्यांनी प्राचार्यांचा स्कॅनरचा ड्रायव्हरसुद्धा पुसला.

"अहो, निदान विचारायचं," प्राचार्य म्हणाले.

"चिठ्ठी ठेवली होती, सर. तिच्यावर तुम्ही चहाचा कप ठेवलात."

आज डिस्क भरली. सोमवारी प्रॅक्टिकल. ओसरीवरचं कुणीतरी हलणं भाग होतं.

"त्यो अर्धी ओळ छापून झोपणारा प्रिंटर काढा की," रामभाऊ म्हणाले. "दर शनवारी कागद मीच भरायचा."

त्याचा ड्रायव्हर कदम सरांनी लिहिलेला, अर्धाच. पण त्याला गेल्या महिन्यातच कुणीतरी हात लावलेला दिसला. दर शनिवारची प्रत मी फ्लॉपीवर ठेवते, म्हणून ताडून पाहिलं. ऑक्टोबरमध्ये एक रिकामी ओळ वाढलेली. मेमध्ये एक. दोन वर्षांत अशा चार, दर वेळी सहा महिने भरायच्या आत. बाकी एकही अक्षर बदललेलं नाही.

"सर, हे कुणी केलं?"

सर चष्मा पुसत राहिले. "कदम म्हणाले होते, पेरण्या झाल्या की येतो."

"कुठल्या पेरण्या?"

"ते विचारायचं राहिलं." मग म्हणाले, "नियमाप्रमाणे काढा, बाई. रिकाम्या ओळी मोजू नका. यादी तुमची आहे."

मी त्याऐवजी डिस्कवरची ऑफिसची जुनी परिपत्रकं पुसली. छापील प्रती कपाटात आहेतच. जागा झाली. आणि सरांपुढे एक पोस्टकार्ड ठेवलं. कदमांचा पत्ता त्यांनी न विचारता, एका दमात लिहिला. मग कार्ड उलटलं आणि थांबले.

पाच वाजता रामभाऊ किल्ल्या घेऊन आले, सरांच्या खांद्यावरून डोकावले. "सर, तुमचंबी अर्ध्या ओळीवर आडलं व्हय?"

सर हसले. कार्ड माझ्या ट्रेमध्ये आहे. त्यावर 'प्रिय कदम, स. न. वि. वि.' एवढंच आहे.

शिल्लक काम: मजकूर.