लग्नाच्या गाडीची रुंद चाकं

लोथार ब्रेमरला राग यायला एरवी कारण लागत नसे. त्या रविवारी मात्र कारण मिळालं, आणि तेही मेव्हण्याकडून.

दुपारची कॉफी चालली होती. लोथारच्या ताटलीत केकचा चौथा तुकडा होता (दोनच खाल्ले, असं तो अजूनही सांगतो). लेकीचं, रीकेचं, लग्न पाच आठवड्यांवर आलं होतं. तिला टेकडीवरच्या चर्चपर्यंत आपल्या जुन्या गाडीतून आपणच न्यायचं, हे लोथारने ती पाळण्यात असतानाच ठरवून टाकलं होतं. मेव्हणा फोल्कर खिडकीतून त्या गाडीकडे बघत म्हणाला, "चमकवलीस छान रे. पण चाकं तेवढी बाबागाडीची वाटतात."

लोथारची बायको उटे हसली. इथेच घात झाला. मेव्हण्याचं बोलणं त्याने एक वेळ पचवलं असतं, पण बायकोचं हसू घशात अडकलं.

"चाकं बदलणार!" त्याने टेबलावर हात आपटला. कॉफी टेबलक्लॉथवर सांडली. "चांगली रुंद, अलॉयची घालणार!"

"पण त्या गाडीला बसतील का?" उटेने विचारलं.

"हे तू मला विचारतेस? मला?"

लोथार एकतीस वर्षं जमीन मोजणीच्या कचेरीत होता. दोन शेजाऱ्यांत कुंपणावरून वीतभर जागेचं भांडण लागलं की तो टेप घेऊन जाई आणि दोघांनाही चूक ठरवून परत येई. अशा माणसाला "बसतील का" म्हणून विचारणं म्हणजे आचाऱ्याला पाणी उकळता येतं का, असं विचारणं.

चाकं आली. गाडीला चार बोल्ट, चाकाला चार भोकं. पहिला बोल्ट बसला, दुसरा कुरकुरत बसला, तिसरा मात्र भोकाच्या कडेलाच अडला. लोथारने मोजलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने दुकानदाराला फोन लावला.

"भोकांमधलं अंतर दोन मिलिमीटरनं जास्त आहे!"

"चार बोल्टांची मागितलीत, चार बोल्टांची पाठवली."

"पण माझ्या गाडीला बसत नाहीत ना!"

"मग गाडी चुकीची असेल."

लोथारने फोन असा आदळला की शेजारच्यांचं कुत्रं भुंकायला लागलं. मग तो कुत्र्यावरही ओरडला.

दुसरी चाकं आली, त्यांना बोल्ट बसले. आता प्रश्न उरला तो पुढच्या मडगार्डचा. मागे जागा ऐसपैस होती, पुढे मात्र टायर आणि पत्रा एकमेकांच्या कानाला लागले होते. लोथारने बाहेर उभं राहून खिडकीतून हात घातला, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं आणि टायर-पत्र्याच्या फटीतून पेन्सिल सरकवून पाहिली. पेन्सिल सुळकन गेली.

"आत बसून बघितलंस का?" उटे दारातून म्हणाली.

"का? मी टायरवर बसणार आहे?"

"तसं नाही रे. वजनानं गाडी खाली दबते ना, म्हणून..."

"उटे, मी मोजलंय."

(या वाक्यानंतर त्या घरात वाद संपवायचा, अशी पंचवीस वर्षांची प्रथा होती.)

नियमाप्रमाणे नवी चाकं सरकारी तपासनीसाला दाखवावी लागत. तो वाळलेल्या चवळीच्या शेंगेसारखा माणूस. त्याने स्वतः गाडी वळवली, खड्ड्यांतून नेली आणि कागदावर शिक्का मारला. आठवडाभर तो कागद लोथारने नाश्त्याच्या टेबलावर दुधाच्या बाटलीला टेकवून ठेवला होता. उटे मूग गिळून दूध ओतत राहिली.

लग्नाचा दिवस उजाडला. गाडीच्या नाकावर पांढरी फुलं, आत डाव्या बाजूला स्टिअरिंगवर लोथार, शेजारी उजवीकडे उटे, मागे पांढऱ्या झग्याच्या ढिगात रीके आणि लोथारची सासू हेडविग आजी. त्यांच्यामागे फोल्करची गाडी. टेकडीचं पहिलं उजवं वळण आलं आणि डाव्या चाकातून आवाज निघाला: खर्रर्र! डुकराला टोचल्यासारखा.

"काय झालं?" रीके दचकली.

"काही नाही, खडा असेल," लोथार दातओठ खात म्हणाला.

दुसरं वळण. खर्रर्र! आता रबराचा वासही आला. लोथारने गाडी बाजूला घेतली. "वजन जास्त झालंय. कुणी सांगितलं होतं एवढ्या वाइनच्या पेट्या भरायला?"

"तूच भरल्यास," उटे म्हणाली.

पेट्या फोल्करच्या गाडीत गेल्या. पुढच्या वळणावर खर्रर्र! मग हेडविग आजींना उतरवलं. खर्रर्र! मग उटे उतरली, आणि उतरताना एक शब्दही बोलली नाही, म्हणून लोथारचा पारा आणखी चढला. आता गाडीत बाप-लेक दोघंच. खर्रर्र!

"चोर आहेत सगळे!" लोथार बाहेर येऊन टायरला लाथ मारत ओरडला. "दुकानदार चोर! तो शेंगेसारखा तपासनीस चोर!"

चर्चची घंटा वाजायला लागली. रीके झगा गोळा करून खाली उतरली आणि लोथार बाहेर उभा असतानाच तिने ड्रायव्हरच्या बाजूच्या फटीत बोट घालून पाहिलं. बोट आरामात गेलं.

"बाबा, जरा बसा बघू आत."

तो बसला. गाडीने डाव्या बाजूला मान टाकली. रीकेचं बोट जेमतेम निसटलं.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "तुमचं वजन किती?"

"एकशे अठरा. पण त्याचा इथे काय संबंध!"

  फोल्करने दुसरीकडे तोंड फिरवलं होतं आणि त्याचे खांदे हलत होते.

"मी चालवते," रीके म्हणाली. "तुम्ही मागे बसा."

"नवरी ड्रायव्हर आणि बाप मागच्या सीटवर? मुळीच नाही! त्यापेक्षा मी चालत येईन!" आणि मग एकदम त्याचा आवाज पडला. "पण तुला चर्चपर्यंत मी नेणार होतो गं."

रीकेने त्याच्या टायची गाठ सरळ केली. "मग खिडकीवर हात ठेवा आणि शेजारून चाला. मी तुमच्याच चालीनं चालवते."

अशी ती वरात निघाली. नवरी स्टिअरिंगवर, बाप खिडकी धरून चढावर धापा टाकतोय, आणि गाडी पाण्यावरच्या बदकासारखी गुपचूप. लोथार सगळ्या वाटेभर शिव्या देत होता, पण खिडकीवरचा हात त्याने शेवटपर्यंत सोडला नाही. चर्चच्या दाराशी लोकांनी टाळ्या वाजवल्या. हा मुद्दामच आखलेला कार्यक्रम आहे, असं त्यांना वाटलं.

संध्याकाळी नवरा-नवरी आपल्या वाटेने गेली. लोथारच्या पायांचे तुकडे पडले होते. उटे किल्ली घेऊन पुढे बसली तेव्हा भांडायचंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. तो निमूट मागे, अंधारात, हेडविग आजींच्या शेजारी जाऊन बसला. गाडी वळणावळणाने टेकडी उतरली. कुठे खट्ट नाही की खुट्ट नाही.

आजींना ऐकू कमी येई आणि दिसे त्याहून कमी. बऱ्याच वेळाने त्यांनी समाधानाने मान हलवली.

"आता कशी नीट चालतेय बघ गाडी. उटे, सकाळी तो जाडा ड्रायव्हर आणला होतास ना, त्याला पुन्हा बोलावू नकोस हो."