चौदा गोण्या आणि एक नळ

घरमालकीणबाई चार वाजता येणार होत्या आणि घरात साबणाच्या पावडरीच्या चौदा गोण्या होत्या.

गोण्या बाबांच्या. बँकेत पैसा झिजतो, घेऊन ठेवलेली वस्तू मात्र टिकते, असं ऑफिसातल्या कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. सोनं परवडेना. तांब्याच्या तारेला आईने उंबरठाच ओलांडू दिला नाही. मग बाबांना साक्षात्कार झाला. "साबण नासत नाही, किडत नाही आणि माणूस काही मळायचा थांबत नाही." तेव्हापासून गोण्या चिंगीच्या पलंगाखाली, टेबलाखाली आणि कपाटामागे मुक्कामाला होत्या. चहालासुद्धा लिंबाचा वास यायचा, तोही धुण्याच्या लिंबाचा.

मालकीणबाईंचा नियम एकच: घर म्हणजे गोदाम नव्हे. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूची त्यांनी त्याच्या जुन्या टायरांसकट रवानगी केली होती. आज त्या करार वाढवायचा की नाही ते ठरवणार होत्या. घर गेलं की कोपऱ्यावरची शाळा गेली आणि शाळा गेली की संघाचं कप्तानपद गेलं. ते मिळून चिंगीला जेमतेम आठवडा झाला होता. ती अजून झोपेतही नाणेफेक जिंकत होती.

"बाथरूममध्ये कोंबा सगळं," आई म्हणाली. "तिथं कोण डोकावतंय?"

बापलेकीने गोण्या ओढत नेऊन शॉवरखाली रचल्या. बाबांनी हात धुवायला नळ फिरवला, तर शॉवरने नुसता उसासा टाकला. पाणी सकाळीच गेलं होतं. बाबांनी पँटला हात पुसले आणि दार लावून घेतलं. नळ मात्र तसाच राहिला.

चारला थोडा वेळ असताना पाणी आलं.

आई उशा सारख्या करत होती. तिला बाथरूमच्या दाराखालून एक पांढरी जीभ बाहेर येताना दिसली. "अहो, हे काय?"

बाबांनी दार उघडलं, तर गुडघाभर फेस त्यांच्या भेटीला आला. त्यांनी नळ बंद केला. इथंच थांबले असते तर निभावलं असतं. पण त्यांनी झाडू घेतला, आणि झाडूच्या फटकाऱ्यासरशी फेस वाढत गेला.

"पाणी मारा, वाहून जाईल," आई म्हणाली.

बाबांनी बादली ओतली. फेस दुप्पट झाला.

"बाबा, तुम्ही धुणं धुताय," चिंगी म्हणाली. "तो कमी कसा होणार?" मग तिच्यातली कप्तान जागी झाली. "पुढचं दार उघडा. बाहेर ढकलू."

दार उघडलं. तिघांनी मिळून ढकललं. फेस निरोप घेतल्यासारखा एकेक पायरी सावकाश उतरत गेला, आणि खालून आवाज आला, "काय चाललंय हे?"

मालकीणबाई एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हातात चपला धरून वर आल्या. दाराशी पोचल्यावर त्यांनी मागे वळून जिन्याकडे पाहिलं, आणि पाहतच राहिल्या.

"या पायऱ्या पिवळ्या आहेत," त्या म्हणाल्या. "मी लग्न होऊन आले तेव्हा पिवळ्याच होत्या. नंतर इतक्या काळ्या झाल्या, मला वाटलं माझीच काहीतरी चूक होतेय."

मग त्यांची नजर बाथरूमच्या उघड्या दाराकडे गेली.

"किती आहेत?"

"चौदा," बाबा खालमानेने म्हणाले. "कोरड्या दहाच."

"म्हणजे गोदामच."

"जिन्याचं सामान आहे ते," चिंगी पुढे होऊन म्हणाली. "दर रविवारी जिना धुणार आहोत. म्हणजे बाबा धुणार आहेत."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी निमूट मान डोलावली.

मालकीणबाईंनी चपला खाली ठेवल्या. "बरं. मग करार कधीपर्यंतचा करायचा?"

"साबण संपेपर्यंत," आई म्हणाली.

त्या हसल्या, तेव्हा कुठे चिंगीने श्वास सोडला.

सोमवारी बाबा डबा घेऊन ऑफिसला निघाले. रविवारच्या धुण्याने त्यांची कंबर धरली होती. ते पिवळ्याधमक पायऱ्या कण्हत उतरत असताना आईने वरून हाक मारली.

"अहो, चिंगीची शाळा संपायला अजून चार वर्षं आहेत. येताना एखादी गोणी घेऊन या."